सांगाडा चालू लागण्यापूर्वी : संग्रहालय-सहलीची चित्रपुस्तके करणाऱ्यांना खुले पत्र

मुलांसाठी चित्रपुस्तके लिहिणाऱ्या, त्यांतली चित्रे काढणाऱ्या, ती संपादित करणाऱ्या आणि छापणाऱ्या सर्वांस,

सप्रेम नमस्कार.

शाळेच्या सहलीबरोबर संग्रहालयात आलेल्या मुलांना दालने दाखवणे हे माझे गेल्या अठरा वर्षांचे काम आहे. आमच्या शिक्षण विभागाच्या खोलीत, मुलांचा हात पोहोचेल एवढ्या उंचीवर एक फळी आहे आणि तिच्यावर शाळेच्या संग्रहालय-सहलीची गोष्ट सांगणारी चित्रपुस्तके मांडलेली आहेत. असे पुस्तक कुठे दिसले की घेऊन यायचे, ही माझी जुनी खोड. सहल आली की दप्तरे ठेवून होईपर्यंत, पाणी पिऊन होईपर्यंत आणि मागे राहिलेली दुसरी बस येईपर्यंत जी पंधरा-वीस मिनिटे मिळतात, त्यांत मी मुलांबरोबर जमिनीवर बसून यांतले एखादे पुस्तक मोठ्याने वाचते. म्हणजे आपली पुस्तके मी एकटीने, निवांतपणे फारशी वाचलेली नाहीत. ती समोर वीस-पंचवीस मुले चुळबुळत असताना वाचली आहेत, आणि त्या वाचनांतून जे जाणवत गेले ते आपल्यापर्यंत पोहोचवावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझे म्हणणे एकच आहे. या पुस्तकांत सहल असते, संग्रहालय असते, मुले असतात; पण कोणी कशाकडे बघत नसते.

फळीवरच्या गोष्टी थोडक्यात सांगते, म्हणजे हे अतिशयोक्त वाटणार नाही. डायनासोरचा सांगाडा जिवंत होतो आणि मुलांच्या मागे लागतो. एक मूल गटातून चुकते आणि ममीच्या दालनात अडकते. कुणा खोडकर मुलाचा धक्का लागून हजारो वर्षांचा रांजण डुगडुगतो आणि तो पडतो की सावरतो यातच उरलेली पाने संपतात. चोर येतात, मुले त्यांना पकडून देतात. कल्पनेला माझा विरोध नाही. सांगाडा चालू लागला की मुले खिदळतात आणि त्यांच्याबरोबर मीही खिदळते. मात्र एकदा सहलीला यायला उशीर झाला होता, तेव्हा फळीवरचे एक अतिशय देखणे पुस्तक घेऊन मी त्याची जोडपाने, म्हणजे पुस्तक उघडले की समोरासमोर येणाऱ्या दोन-दोन पानांच्या जोड्या, मोजली. चौदांपैकी बारा जोडपानांवर मुले धावत होती, लपत होती, किंचाळत होती किंवा एकमेकांना शोधत होती. एकावर डबे खात होती. आणि शेवटच्या जोडपानावर बसमध्ये झोपली होती. ज्या वस्तू पाहायला ती आली होती त्या सगळ्या नाटकातल्या मागच्या पडद्यासारख्या भिंतीला चिकटून होत्या. चित्रकाराने त्या काढल्या होत्या झकास, पण त्या चित्रातल्या एकाही मुलाचे डोळे त्यांच्याकडे वळलेले नव्हते.

अशा पुस्तकातून मुलाला न सांगता जे कळते ते असे की वस्तू आहे तशी पाहण्यासारखी नसते. ती हलली, बोलली, फुटली तरच तिच्यात काही अर्थ. मग ते मूल पुस्तक ऐकून दालनात येते, सांगाड्यासमोर उभे राहते, थोडी वाट पाहते, आणि तो हलत नाही म्हणून पुढे जाते. हे मी मनाचे लिहीत नाही. ‘हा कधी चालणार?’ हा प्रश्न सहलींच्या दिवसांत मला जवळजवळ रोज ऐकू येतो.

दुसऱ्या टोकाला माहितीची पुस्तके आहेत, ज्यांत बाई बोट दाखवून ‘मुलांनो, हे पाहा’ म्हणतात आणि त्यांच्या तोंडून निघालेल्या फुग्यात सात ओळींची माहिती असते. त्यांच्याबद्दल अधिक लिहीत नाही. मुले ती दुसऱ्याच पानावर सोडून देतात, आणि त्यांचे काही चुकत नाही.

मग पुस्तकात असावे तरी काय, असे आपण विचाराल, म्हणून एक प्रसंग सांगते.

आमच्या एका काचपेटीत मातीचे एक साधे, मध्यम आकाराचे भांडे आहे. त्याच्या बुडावर कुंभाराने ओल्या मातीत ओढलेली खूण आहे आणि ती दिसावी म्हणून भांडे काचेच्या पट्टीवर ठेवून त्याच्या खाली आरसा बसवलेला आहे. मोठी माणसे भांडे उभ्यानेच पाहतात, त्यामुळे आरशाकडे त्यांचे सहसा लक्ष जात नाही. तिसरी-चौथीतल्या एका मुलीच्या बुटाची नाडी सुटली होती; ती बांधायला ती खाली बसली आणि बसूनच राहिली. गट पुढे निघून गेला. तिला शोधत मी मागे आले तेव्हा तिच्या श्वासाने काचेवर धुरकट गोल उमटत होता, ती बाहीने तो पुसत होती आणि पुन्हा वाकून वहीत काहीतरी उतरवून घेत होती. मला पाहून तिने विचारले, ‘ही कुठली लिपी आहे?’ वहीत कुंभाराची खूण नव्हतीच. त्या खुणेच्या शेजारी, नखाएवढ्या जागेत, संग्रहालयाने काळ्या शाईने लिहिलेला नोंदणी क्रमांक होता, आणि आरशात तो उलटा दिसत असल्यामुळे तिला ती कुठल्यातरी जुन्या, अनोळखी लिपीतली अक्षरे वाटली होती. मी काही बोलण्याआधीच तिच्या मागे येऊन उभ्या राहिलेल्या एका मुलाने वही ओढून घेतली, ते पान दिव्याकडे धरून मागच्या बाजूने पाहिले आणि तो ओरडला, ‘अगं, हे तर नंबर आहेत!’

पुढचा पाऊण तास कसा गेला ते आम्हां कोणालाच कळले नाही. भांड्यालाही रोल नंबर असतो, हा शोध मुलांना कोणत्याही राजाच्या मुकुटापेक्षा मोठा वाटला. त्या क्रमांकाचे तीन भाग असतात: वस्तू कोणत्या वर्षी संग्रहात आली, त्या वर्षी आलेल्या संचांपैकी ती कितव्या संचातली, आणि त्या संचात ती कितवी. क्रमांक वस्तूवर थेट लिहीत नाहीत. आधी पारदर्शक लेपाचा एक पातळ थर देतात, तो वाळला की त्यावर शाईने लिहितात आणि वर पुन्हा एक थर देतात, म्हणजे उद्या तो काढावा लागला तर वस्तूला इजा न होता पुसता येतो. हे ऐकून एकाने विचारले, ‘मग तुम्ही हजेरी घेता का यांची?’ घेतो, असे मी सांगितले. ठरावीक काळाने प्रत्येक वस्तू नोंदवहीप्रमाणे जागेवर आहे का ते तपासावे लागते. त्यानंतर सगळा वर्ग प्रत्येक पेटीसमोर गुडघ्यांवर बसून रोल नंबर शोधू लागला. त्या दिवशी त्या गटाच्या तीनच पेट्या पाहून झाल्या, आणि त्यांच्या बाई माझ्यावर थोड्या नाराज झाल्या, कारण शाळेत भरून द्यायच्या कागदावर दहा वस्तूंची नावे लिहायची होती.

या प्रसंगात पाठलाग नाही, चोर नाही, कोणी जिवंत होत नाही. तरीही त्यात रहस्य आहे, गंमतशीर चूक आहे, उलगडा आहे, आणि पान कुठे उलटायचे ती जागा तर आयती मिळालेली आहे. उलट्या आकड्यांवर जोडपान संपवा. पुढच्या पानावर तेच आकडे सुलटे.

पान उलटण्याचा उल्लेख मी मुद्दाम केला. ही आपली विद्या आहे आणि तीत मी आपल्याला काय सांगणार. पण बाहेरच्या माणसाला जे दिसते ते लिहिते. चित्रपुस्तक बहुधा ३२ पानांचे असते, कारण छापील तावाला घड्या घातल्या की पाने आठाच्या आणि सोळाच्या पटीत पडतात. शीर्षकाचे पान, हक्कांचे पान वगैरे वजा जाता गोष्टीला बारा ते चौदा जोडपाने उरतात. म्हणजे आपल्याजवळ बारा-चौदा काचपेट्या आहेत आणि प्रत्येकीसमोर किती वेळ थांबायचे ते ठरवण्याची मुभा मुलाला आहे. ही मुभा खऱ्या संग्रहालयात दुर्मीळ असते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात जेफ्री आणि लिसा स्मिथ या संशोधकांनी प्रेक्षकांचे निरीक्षण करून २००१ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांनुसार प्रेक्षक एका कलाकृतीसमोर सरासरी २७.२ सेकंद थांबत होते, आणि निम्म्या वेळा तर हा काळ १७ सेकंदांहूनही कमी होता. हे हौसेने आलेल्या प्रेक्षकांचे झाले; रांगेतून पुढे सरकवल्या जाणाऱ्या मुलांचे काय होत असेल ते आपण समजू शकता. याच मुलांना चित्रपुस्तकातल्या एका जोडपानासाठी दोन-तीन मिनिटेही पुरत नाहीत. मी पान उलटायला हात घातला की ‘थांबा, थांबा’ म्हणतात आणि कोपऱ्यातला उंदीर शोधून दाखवतात. पाहण्याची ही सवय त्यांना आपणच लावलेली आहे. तिचा उपयोग कोपऱ्यातल्या उंदराबरोबर काचपेटीतल्या वस्तूसाठीही व्हावा, एवढेच माझे मागणे आहे. एकच भांडे सलग तीन जोडपानांवर काढण्याचे धाडस कोणी करून पाहील का: एकदा उभ्याने दिसते तसे, एकदा खाली बसून दिसते तसे, आणि एकदा आरशातले?

कागदाची एक अडचण मात्र आहे आणि तिच्याकडे आपले दुर्लक्ष होते असे मला वाटते. पुस्तकात सगळ्या वस्तू एकाच मापाच्या होऊन जातात. मोहेंजोदडोची कांस्य नर्तकी मुलांनी पाठ्यपुस्तकात एवढ्या वेळा पाहिलेली असते की ती निदान त्यांच्या कमरेएवढी तरी असेल अशी त्यांची समजूत असते. प्रत्यक्षात तिची उंची साधारण साडेदहा सेंटीमीटर, म्हणजे मोठ्या माणसाच्या तळहातावर मावेल एवढी. मोनालिसाचे चित्र ७७ बाय ५३ सेंटीमीटर आहे. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या मुख्य दालनात टांगलेला निळ्या देवमाशाचा सांगाडा २५ मीटरांहून थोडा लांब आहे. छापील पानावर या तिन्ही गोष्टी वीतभर. ‘एवढीशीच?’ हा उद्गार मी मुलांच्या तोंडून नेहमी ऐकते. त्यात निराशा असते तशी जाग येणेही असते, आणि चांगल्या चित्रकाराच्या हातात तो सोन्याचा क्षण आहे. वस्तूशेजारी मुलाचा हात काढला, की माप कळले. छोटी वस्तू पानाच्या मधोमध, तिच्या खऱ्या आकारात काढून भोवती भरपूर कोरी जागा सोडली, तर मूल आपोआप पुस्तक डोळ्यांजवळ नेते. मी हे पाहिलेले आहे. आणि कृपा करून लहान वस्तू जोडपानाच्या मध्यावर काढू नका. देवमाशाच्या पोटातून शिवण गेली तर चालेल, साडेदहा सेंटीमीटरच्या मूर्तीचे अर्धे तोंड बांधणीत गेले तर उरते काय?

आता सहलीविषयी. शिक्षक आणि पालक मला सांगतात की मुले संग्रहालयात आली की पहिला अर्धा तास वाया जातो. ती छताकडे बघतात, फरशीवर बूट घासतात, जिने मोजतात, आवाज घुमतो का ते ओरडून पाहतात. तो वेळ वाया जात नसतो. जॉन फॉक हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्येच दाखवून दिले होते की मुलांना अगदी अनोळखी जागी नेले की त्यांचे लक्ष आधी त्या जागेचा अंदाज घेण्यात गुंतते, आणि तो येईपर्यंत ठरवून दिलेला विषय मागे पडतो. हे कळल्यापासून मी मुलांना ओरडणे बंद केले आहे. पण आपण तर त्याच्या आधीच्या टप्प्यावर मदत करू शकता, कारण आपले पुस्तक मुलाच्या हातात सहलीच्या आदल्या आठवड्यात पडू शकते आणि मी त्याला दारातच भेटते. दप्तर कुठे ठेवायचे, ते परत मिळते का, स्वच्छतागृह कुठे आहे, मध्येच जावेसे वाटले तर कोणाला सांगायचे, डबा कधी खायचा, बाई दिसेनाशा झाल्या तर कुठे उभे राहायचे: मुलांचे पहिले प्रश्न हे असतात, आणि त्यांची उत्तरे मिळाल्याशिवाय कुठलाही सांगाडा त्यांच्या डोक्यात शिरत नाही. एका संपादकांशी मी हे बोलले तेव्हा त्यांनी हसून सांगितले की स्वच्छतागृह चित्रपुस्तकात शोभून दिसत नाही. माझ्या मते त्यासाठी गोष्टीतले एक पानही लागणार नाही. पुस्तकाच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या पुस्तनीवर, म्हणजे मुखपृष्ठाला आतून जोडलेल्या जाड पानावर, बहुतेक वेळा ठिपके किंवा पाने-फुले असतात. तिथे संग्रहालयाचा नकाशा काढा. सुरुवातीच्या पुस्तनीवर रिकामा नकाशा, आणि शेवटच्या पुस्तनीवर त्याच नकाशात प्रत्येक मुलाने दिवसभरात चाललेली वाट वेगळ्या रंगात. कोण कुठे रेंगाळले, कोण तीनदा स्वच्छतागृहात गेले, कोण एकाच पेटीभोवती घिरट्या घालत राहिले हे शोधण्यात मुलांची आणखी दहा मिनिटे जातील.

अंधाराचेही असेच. कापड, कागद, जलरंगातली चित्रे यांची दालने मुलांना भयाण वाटतात, आणि आपल्या पुस्तकांत तर अंधार म्हटला की भूत आलेच. खरे कारण भुतापेक्षा अधिक मजेशीर आहे. उजेडाने रंग उडतो, उडालेला रंग परत येत नाही आणि रोजचे थोडे थोडे नुकसान साठत जाते, म्हणून अशा वस्तूंवर सुमारे ५० लक्सच (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) प्रकाश पडू देण्याची पद्धत आहे. भर उन्हात हाच आकडा एक लाखाच्या घरात जातो. म्हणजे त्या दालनातला प्रत्येक प्रेक्षक बघता बघता त्या वस्तूच्या वाट्याचा थोडा उजेड खर्च करत असतो. ‘हात लावू नये’ या पाटीचेही तेच. एका बोटाने काय होणार, असे मुलाला वाटणे साहजिक आहे. पण बोटाला घाम असतो, घामात मीठ असते, आणि चकचकीत धातूवर उमटलेला ठसा तसाच राहिला तर पुढे तिथला धातू खराब होऊन तो ठसा कायमचा कोरला जाऊ शकतो. ही कारणे मुलांना सांगितली की ती नियम पाळतात आणि वर दुसऱ्यांनाही दटावतात. आपल्या पुस्तकांत मात्र नियम सांगण्याचे काम नेहमी एका मिशाळ, डोळे वटारलेल्या सुरक्षारक्षकाकडे असते. माझ्या ओळखीतले रक्षक दिवसाचे आठ तास एकाच दालनात उभे असतात. कुठल्या चित्रासमोर लोक हसतात, कुठल्या मूर्तीवर दुपारी तीन वाजता ऊन येते आणि कुठल्या कोपऱ्यात मुले लपतात हे संग्रहातल्या वस्तूंचा अभ्यास आणि जतन करणाऱ्या अभिरक्षकांना माहीत नसते, त्यांना माहीत असते. एखाद्या पुस्तकात त्यांना खलनायकाची जागा सोडून जाणकाराची जागा मिळाली, तर मला व्यक्तिशः फार बरे वाटेल.

डायनासोरांकडे परत येते, कारण त्यांच्यावाचून या विषयावरचे पुस्तक निघत नाही. ‘हा खरा आहे का?’ या प्रश्नाला आपली पुस्तके घाबरतात. उत्तर सांगितले तर जादू जाईल, असे वाटत असावे. लंडनला १९०५ मध्ये आलेला, पुढे कित्येक पिढ्यांच्या सहलींचा लाडका झालेला डिप्लोडोकस ही अमेरिकन उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांनी भेट दिलेली, सांगाड्याची प्लास्टरची प्रतिकृती होती, आणि म्हणून त्याच्यावरचे मुलांचे प्रेम कमी झाले नाही. उलट, त्याची खरी गोष्ट कुठल्याही पाठलागापेक्षा सुरस आहे. सुरुवातीला त्याची शेपूट जमिनीवर लोळत होती. हे प्राणी शेपूट उचलून चालत असत असे अभ्यासकांचे मत झाल्यावर १९९३ मध्ये ती उचलून हवेत मांडण्यात आली, आणि तिच्याखालून माणसे जाऊ लागली. इग्वॅनोडॉन या दुसऱ्या डायनासोरचे तर विचारूच नका. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या उद्यानात १८५४ मध्ये उभारलेल्या त्याच्या पुतळ्यांच्या नाकावर शिंग बसवलेले आहे. १८७८ मध्ये बेल्जियममधल्या बेर्निसारच्या कोळशाच्या खाणीत या प्राण्याचे जवळजवळ पूर्ण सांगाडे सापडले, तेव्हा कळले की ज्याला शिंग समजले होते ते हाड नाकावरचे नव्हतेच. तो अंगठ्याचा काटा होता. पुतळे आजही नाकावर अंगठा मिरवत त्या उद्यानात उभे आहेत. मोठ्या माणसांनी एवढी मोठी चूक केली, ती सगळ्यांच्या देखत मांडली आणि नंतर कबूलही केली, हे ऐकताना मुलांचे चेहरे कसे खुलतात ते एकदा येऊन पाहावे. गंमत अशी की संग्रहालयांनी शेपट्या उचलून बरीच वर्षे झाली, तरी नव्या चित्रपुस्तकांतले डायनासोर अजून शेपूट फरफटत, कांगारूसारखे ताठ उभे असतात. चित्रकाराने जुने चित्र पाहून नवे चित्र काढले, संग्रहालयात कोणी गेलेच नाही, हे त्या एका शेपटीवरून कळते.

याहून अवघड प्रश्न ‘हे इथे कसे आले?’ हा. आपल्या पुस्तकांत वस्तू पहिल्यापासून काचपेटीतच जन्मल्यासारख्या असतात. मुले इतकी भोळी नसतात. रोझेटा शिलालेख १७९९ मध्ये इजिप्तमध्ये सापडला आणि १८०२ पासून लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, एवढे सांगितले की कोणीतरी विचारतेच, ‘मग इजिप्तमध्ये काय आहे?’ आजच्या नायजेरियात असलेल्या जुन्या बेनिन राज्याच्या राजवाड्यातल्या कांस्यकृती १८९७ मध्ये ब्रिटिश सैन्याने लुटून नेल्या आणि त्या जगभरच्या संग्रहालयांत पांगल्या. त्यांतल्या काही जर्मनीने २०२२ मध्ये नायजेरियाला परत केल्या. लहान मुलांना हे कशाला, असे आपल्यापैकी काहींना वाटेल, म्हणून एक अनुभव समोर ठेवते, तोही माझा नव्हे. अमेरिकेत आर्कान्सामध्ये २०११ साली क्रिस्टल ब्रिजेस हे कलासंग्रहालय सुरू झाले तेव्हा सहलीसाठी एवढ्या शाळांचे अर्ज आले की चिठ्ठ्या टाकून गट निवडावे लागले, आणि त्यामुळे सहलीला गेलेल्या व न गेलेल्या मुलांची रास्त तुलना करणे संशोधकांना शक्य झाले. जवळजवळ ११,००० विद्यार्थी या अभ्यासात होते. तिथे चित्रकार ईस्टमन जॉन्सन यांचे मेपलच्या रसाचा पाक करणाऱ्या माणसांचे एक चित्र आहे. ती माणसे गुलामगिरीच्या विरोधातली होती आणि उसाची साखर गुलामांच्या श्रमावर चालते म्हणून ती मेपलचा गोडवा वापरत, ही त्या चित्रामागची हकिगत मुलांना सहलीत सांगितली गेली. काही आठवड्यांनी विचारले तेव्हा ती ८८ टक्के मुलांना आठवत होती. परीक्षा नव्हती, गुण नव्हते, पाठ करायला कोणी सांगितले नव्हते. अवघड गोष्ट मुलांच्या लक्षात राहत नाही असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा जरूर पाहावा.

आणखी एक गोष्ट, थोडक्यात. आपल्या चित्रांतल्या सहलीत प्रत्येक मूल आनंदात असते. खऱ्या सहलीत एकाला बस लागलेली असते, एकीची जिवलग मैत्रीण त्या दिवशी गैरहजर असते, चाकांच्या खुर्चीवरच्या मुलाला उद्वाहनाची वाट पाहावी लागल्याने तो प्रत्येक दालनात शेवटी पोहोचतो आणि तोवर सांगून झालेले असते, आणि एखाद्याला चक्क कंटाळा आलेला असतो. कंटाळलेल्या मुलालाही पुस्तकात बाकावर बसायला जागा द्या. बाकावरून छत फार छान दिसते.

आता दोष फक्त आपल्या पदरात टाकणे बरे नव्हे. संग्रहालयेही आपल्याकडे पुस्तकासाठी येतात ती बहुतेक वेळा उद्घाटनाच्या तोंडावर, विक्रीच्या काउंटरवर काहीतरी ठेवायला हवे म्हणून. आणि मग मुखपृष्ठावर डायनासोर हवा, असा आग्रह आमच्याच लोकांचा असतो. अभिरक्षकांना चित्रे दाखवली जातात तेव्हा ती रंगवून पूर्ण झालेली असतात. मग शेपूट चुकली आहे हे कळूनही कोण काय करणार? म्हणून मागणे असे की पुस्तक पेन्सिलीच्या डमीत, म्हणजे कच्च्या नमुन्यात, असतानाच ते जवळच्या एखाद्या संग्रहालयात आणावे आणि तिथल्या शिक्षण विभागाला ते सहलीच्या मुलांसमोर वाचू द्यावे. मुले कुठल्या पानावर ‘थांबा’ म्हणतात आणि कुठल्या पानावर बुटाशी खेळू लागतात याची नोंद मी आनंदाने करून देईन, आणि माझ्यासारखे काम करणारे इतर कोणीही करून देतील.

चित्रकारांनी त्याआधी एक दिवस यावे. सुट्टीच्या शांत दिवशी येऊ नये, एकाच वेळी चार शाळा आलेल्या असतील त्या दिवशी यावे. पेन्सिलच आणावी, अनेक दालनांत शाईचे पेन चालत नाही, दारातच ठेवून घेतात. आणि ते आरशावरचे भांडे पाहायचे असेल तर गुडघ्यांवर बसण्याची तयारी ठेवावी. त्याचा नोंदणी क्रमांक मी इथे देत नाही; तो आपणच उतरवून घ्यावा, आरशात दिसतो तसा.

आपली,
शालेय सहलींना दालने दाखवणारी एक संग्रहालय-शिक्षिका